सात मांजरांचा एक सात

१९७४ च्या फेब्रुवारीत मॉरिशसमधल्या फिनिक्स गावच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत विद्यावतीबाईंनी फळ्यावर ७ हा आकडा काढला, खाली अक्षरात 'सात' असं लिहिलं आणि पहिलीच्या मुलांना सांगितलं, "आता वहीत सात काढा." सात आंबे, सात चेंडू, काहीही चाललं असतं. बावीसपैकी एकोणीस मुलांनी मांजर काढलं.

मुलांचं काही चुकलं नव्हतं. मॉरिशसमध्ये बसपासून अंगणापर्यंत जी क्रिओल चालते, तिच्यात मांजराला 'सात' म्हणतात. बाईंनी सात काढायला सांगितलं, मुलांनी सात काढला. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी काहीच काढलं नाही आणि एका मुलीनं सात मांजरं काढली. वर्गात दोन्ही भाषा येणारी तेवढी एकच होती.

विद्यावतीबाई त्या दिवशी व्हाकोआला घरी जाताना बसमध्ये एकट्याच हसत बसल्या होत्या, असं त्यांच्या नवऱ्यानं नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. घरी गेल्यावर त्यांनी स्वतःच एक मांजर काढलं आणि त्याचं नाव सात ठेवलं.

विद्यावतीबाईंचा जन्म १९४६ चा, विमानतळाजवळच्या प्लेन मान्येन गावचा. वडील उसाच्या मळ्यावर. आई लवकर गेली, म्हणून घर वडिलांच्या बहिणीनं, गंगाआत्यानं चालवलं. आत्या दिवसा ऊस तोडायची आणि संध्याकाळी विद्यावती व तिचा धाकटा भाऊ कृष्णदेव या दोघांना जेवायला घालता घालता बोलायची. तिची मराठी शंभर वर्षांपूर्वी कोकणातून जहाजानं आली होती आणि नंतर तिला कोणी हात लावला नव्हता. अधूनमधून क्रिओल, थोडी भोजपुरी, बाकी सगळं खापरपणज्यांचं. विद्यावती तीच भाषा घेऊन शिक्षक प्रशिक्षणाला गेली. पहिल्याच आठवड्यात तिला सांगण्यात आलं की ही मराठी अशुद्ध आहे. ती मेहनती होती. दोन वर्षांत तिनं जीभ इतकी सरळ केली की पुढे ती वाकवायची म्हटली तरी वाकेना. घरची भाषा तिला पूर्ण समजायची, लिहिताही यायची. तोंडून मात्र पुस्तकच बाहेर यायचं. प्लेन मान्येनला गेल्यावर ती "आत्या, तू कशी आहेस?" असं विचारायची आणि आत्या "साहेबीन आली" म्हणायची.

व्हाकोआतल्या मराठी मंडळाचं एक त्रैमासिक होतं, सोळा पानांचं, सायक्लोस्टाइल केलेलं. सचिव गोवर्धनभाऊंना शेवटच्या पानासाठी मुलांचं काहीतरी हवं होतं. त्या पानावर १९७५ पासून 'आमचा सात' येऊ लागला. चार चौकटी, एक कुटुंब, एक मांजर. आई, वडील आणि मुलगी शुद्ध मराठी बोलत. मांजर गंगाआत्याची मराठी बोलत असे.

पहिल्या अंकात वडील रेडिओ ऐकून म्हणतात, "आज पावसाची शक्यता आहे." आई म्हणते, "होय, तसे वाटते खरे." मुलगी म्हणते, "पाऊस म्हणजे काय, सांगा पाहू." चौथ्या चौकटीत सात म्हणतो, "कपडं भायेर हायत. ती काढा आदी."

गोवर्धनभाऊ सरकारी खात्यात कारकून होते. पुण्याच्या मराठी परीक्षा त्यांनी पोस्टानं दिल्या होत्या आणि तिन्ही पहिल्या वर्गात पास केल्या होत्या. अंकातली प्रत्येक ओळ ते लाल पेन्सिलीनं तपासत. सातची ओळ त्यांनी तपासली, पेन्सिल उचलली आणि विचारलं, "विद्याबाई, हे 'भायेर हायत' काय आहे?"

"मांजराचं बोलणं आहे, भाऊ."

"पण चूक आहे."

"मांजराची चूक कोण काढतं?"

यावर त्या परीक्षांमध्ये काही शिकवलेलं नव्हतं. सातची ओळ सुटली आणि नऊ वर्षं सुटतच राहिली.

चित्राबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे तिचा उपयोग झाला. सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर लोखंडी टोकानं रेघ ओढावी लागते. रेघा जवळजवळ आल्या किंवा जागा भरून काळी करायला गेलं, की कागद फाटतो. त्यामुळे सात नुसता रेघांचा होता. पट्टे नाहीत, ठिपके नाहीत, रंग नाही. व्हाकोआच्या मुलांनी आपापल्या अंकात तो हवा तसा रंगवला. कोणाचा काळा, कोणाचा पिवळा, एकाचा तर चक्क हिरवा.

१९८४ मध्ये मंडळाला पंचवीस वर्षं होत होती. सभेत नाटक करावं, शोभायात्रा काढावी अशा सूचना आल्या. त्यात कृष्णदेवनं हात वर केला. तो विमानतळावर सामान विभागात होता आणि त्याच्याकडे सुपर-एट फिल्मचा कॅमेरा होता. लग्नं, बारशी, एकदा एक अंत्यविधी, असं सगळं त्यानं टिपलं होतं.

"सातची फिल्म करू," तो म्हणाला. "खरं घर, खरी माणसं, खरं मांजर."

"पंचवीस वर्षांच्या कार्याचं सार म्हणून मांजर?" गोवर्धनभाऊंनी विचारलं.

"भाऊ, तुमचा सोळा पानांचा अंक लोक कुठून उघडतात, माहीत आहे? मागून."

सभेत हशा झाला आणि ठराव पास झाला. मात्र गोवर्धनभाऊंनी एक अट घातली. समारंभाला भारतातून पाहुणे येणार होते. तेव्हा पडद्यावर मंडळाच्या नावानं जे बोललं जाईल, ते शुद्धच असलं पाहिजे. कागदावर मांजरानं काय बोलायचं ते बोलावं, सभागृहात नाही.

"मग तो सात नाही," विद्यावतीबाई म्हणाल्या.

"मांजराचं काय, ते तर बोलतच नाही," भाऊ म्हणाले. "आवाज आपणच देणार. मग चांगला का देऊ नये?"

घरी येताना विद्यावतीबाई कृष्णदेवला म्हणाल्या, "वर्गात मी मुलांना आत्याची भाषा पुसायला शिकवते. ती जिथे चालते असं हे एकच पान आहे. तेही तपासून दिलं तर माझ्याकडे काय राहिलं?"

"तूच दे की मग आवाज," कृष्णदेव म्हणाला आणि त्यानं टेपरेकॉर्डर पुढे केला.

बाईंनी सातच्या आठ ओळी स्वतःच लिहिल्या होत्या. त्या त्यांनी वाचल्या. टेप परत लावली तेव्हा यंत्रातून एक शिक्षिका श्रुतलेखन घालत होती. दुसऱ्यांदा वाचल्या, तिसऱ्यांदा वाचल्या. कृष्णदेव म्हणाला, "ताई, मांजराला गृहपाठ दिल्यासारखं वाटतंय."

ठरलं असं, की चित्रण आधी करायचं आणि आवाजाचं नंतर बघायचं. फिल्म मुकीच असणार होती. बोलणं वेगळ्या कॅसेटवर घेऊन प्रोजेक्टरबरोबर वाजवायचं होतं. आईचं काम कृष्णदेवच्या बायकोकडे, बसंतीकडे आलं. मुलीसाठी बाईंच्या वर्गातली एक मुलगी मिळाली. वडिलांच्या कामाला कोणी तयार होईना, तेव्हा गोवर्धनभाऊ म्हणाले की उच्चारांच्या दृष्टीनं ते स्वतःच करतील.

मांजर मिळवणं सोपं वाटत होतं. बाईंनी मंडळाच्या परिपत्रकासाठी एक ओळ लिहून दिली: 'चित्रपटासाठी सात मांजर पाहिजे, स्वभावाने शांत.' परिपत्रक गोवर्धनभाऊंनी तपासलं. संख्यावाचक विशेषणापुढे एकवचनी नाम आणि एकवचनी क्रियापद पाहून त्यांची लाल पेन्सिल आपोआप चालली. छापून गेलं ते असं: 'चित्रपटासाठी सात मांजरे पाहिजेत.' मग व्यवस्थितपणाला धरून त्यांनी मंडळाच्या सात शाखांना प्रत्येकी एक मांजर पाठवण्याचं पत्रही टाकलं.

ऑगस्टच्या सुट्टीतल्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता बाईंच्या व्हाकोआच्या अंगणात सात टोपल्या आल्या. एक बसनं, दोन मोटारसायकलवर, एक तर शाखाध्यक्षांच्या मांडीवर. काळं, पांढरं, पिवळं, दोन पट्टेरी, एक करडं आणि एक असं, की ज्याच्या रंगाला कोणत्याच भाषेत नाव नव्हतं.

"आयो!" बसंती म्हणाली. "भाऊ, ही काय मांजरांची शाखा काढताय?"

"परिपत्रकात सातच लिहिलं होतं," गोवर्धनभाऊ म्हणाले.

"मी सात लिहिलं होतं," विद्यावतीबाई म्हणाल्या.

"तेच तर म्हणतोय मी."

हा संवाद आणखी थोडा वेळ चालला. शेवटी भाऊंच्या लक्षात आलं. मग कोट झटकत म्हणाले, "चूक दिसली की हात थांबत नाही, विद्याबाई. सवय आहे."

परत पाठवायचं तर कोणत्या सहा शाखांचं पाठवायचं, हा प्रश्न होता. आपलं मांजर नाकारलं गेलं असं घेऊन गावात परत जायला एकही शाखाध्यक्ष तयार नव्हता. दुपारपर्यंत कृष्णदेवच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. पांढरं मांजर खुर्चीवर बसायचं, पण बाकी काहीच करायचं नाही. काळं भिंतीवर चढायचं. पिवळं खायचं, आणि फक्त खायचं. करडं माणसांकडे असं बघायचं की बघणारा ओशाळेल. चारही कामं करणारं एकही नव्हतं.

"सगळी घेऊ," कृष्णदेव म्हणाला.

"आणि रंग?" बसंतीनं विचारलं.

"सातला रंग कधी होता?" विद्यावतीबाई म्हणाल्या.

पाच रविवार चित्रण झालं. एक रीळ तीन मिनिटांत संपायचं आणि धुवायला परदेशी जायचं, त्यामुळे काय निघालं ते कळायला महिना लागणार होता. कृष्णदेवनं गोवर्धनभाऊंना वर्तमानपत्र वाचत आरामखुर्चीत बसवलं आणि त्यांच्या मांडीवर एकामागून एक मांजर ठेवून पाहिलं. भाऊंनी तक्रार केली नाही. त्यांनी फक्त एवढं विचारलं, की दृश्यात वर्तमानपत्र सरळ धरायचं की उलटं, कारण मांजराच्या गडबडीत ते उलटं झालं होतं. चित्रण संपल्यावर पाच शाखा आपापली मांजरं घेऊन गेल्या. पिवळं आणि करडं न्यायला कोणीच आलं नाही. कृष्णदेव ती दोन्ही प्लेन मान्येनला घेऊन गेला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला रिळं आली. सोळा मिनिटांची फिल्म जोडली गेली. बाईंकडे सातसाठी आवाज नव्हता, म्हणून गोवर्धनभाऊंनी वडिलांबरोबर मांजराचंही बोलणं स्वतःच कॅसेटवर भरलं. निकाल मुलांवर सोपवायचा असं दोघांत ठरलं. बाईंच्या वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावल्या, कृष्णदेवनं क्रिओलमध्ये "एन, दे, त्रुवा" असं तीनपर्यंत मोजत प्रोजेक्टर आणि टेप एकदम सुरू केले.

पडद्यावर पांढरं मांजर खुर्चीत बसलं होतं. गोवर्धनभाऊंच्या आवाजात ते म्हणालं, "मला क्षुधा लागली आहे. कृपया दुग्ध द्यावे."

कोणी हसलं नाही. मग काळं मांजर भिंतीवरून आलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "दे सात." पिवळं आलं तेव्हा आठ-दहा जण एकदम म्हणाले, "त्रुवा सात!" त्यानंतर गोष्ट कोणी पाहिलीच नाही. मुलं फक्त मोजत होती. कात सात, सेंक सात, सिस सात. शेवटचं, नाव नसलेल्या रंगाचं मांजर दारातून आत आलं, आणि सगळा वर्ग बाक बडवत ओरडला, "सेत सात! सेत सात!"

क्रिओलमध्ये सेत म्हणजे सात.

दिवे लागल्यावर एका मुलीनं हात वर केला. "बाई, यातला सात कोणता होता?"

गोवर्धनभाऊ कॅसेट काढून खिशात ठेवता ठेवता म्हणाले, "प्रश्न योग्य आहे." आणि मग, "तुमच्या आत्या अजून आहेत ना, विद्याबाई?"

गंगाआत्या तेव्हा बहात्तर वर्षांची होती आणि प्लेन मान्येनलाच कृष्णदेवकडे राहत होती. पुढच्या शनिवारी बाई तिच्या स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर घेऊन बसल्या. आत्यानं धुतलेली साडी नेसली होती आणि डोक्यावरून पदर घेतला होता. कृष्णदेवनं बटण दाबलं. आत्या ताठ बसली आणि म्हणाली, "नमस्कार. मी मांजर आहे. मला दूध पाहिजे."

बाईंनी कपाळाला हात लावला. "आत्या, असं नाही. तू घरी बोलतेस तसं."

"घरचं बोलनं मशिनीत? लोक काय म्हनतील? मना कळत न्हाय काय, रेडिओवर कसं बोलत्यात ते?"

"पण हे रेडिओवर नाही."

"लोकं बसनार ना ऐकायला? मग रेडिओच की ह्यो."

तीन वेळा प्रयत्न झाला. तिन्ही वेळा आत्या नमस्कारापासून सुरू झाली. एकदा मध्येच विमान उतरलं आणि आवाज जाईपर्यंत सगळे थांबले. बाईंनी लिहिलेल्या ओळींचा कागद दुमडून पिशवीत टाकला. समारंभाला तीन आठवडे उरले होते, आणि ज्या भाषेसाठी सगळं चाललं होतं, ती बोलणारं घरातलं शेवटचं माणूस समोर बसून शुद्ध बोलत होतं.

तेवढ्यात पिवळं मांजर ओट्यावर चढलं. तिथं ताटात खारवलेली मासळी होती.

"आयो! हो बाजूला! तुज्या बानं ठेवलीय काय हिकडं मासली?" आत्या उठली. पदर खांद्यावर आला. "मगाशी खाल्लंस न्हवं? पोट हाय का पोतं?"

करडं मांजर दाराशी येऊन नेहमीच्या नजरेनं बघू लागलं.

"आनि तू काय बघतंस? तोंड बघा ह्याचं. जसा काय मोटा साहेब आलाय ओपिसातना! सगळा दीस बसून ऱ्हायचं, काम कराया नको, आनि वर तोरा!"

कृष्णदेवचा हात बटणाकडे गेला होता. विद्यावतीबाईंनी तो धरला. टेप फिरत राहिली. मग बाईंनी हळूच ताट उचलून खाली, दोन्ही मांजरांच्या मधोमध ठेवलं. आत्या पाऊण तास बोलत होती.

व्हाकोआला परतताना बसमध्ये बाईंनी कागद काढला आणि आपल्या आठही ओळींवर काट मारली. नऊ वर्षं त्या मांजराच्या तोंडी जे घालत आल्या, ते आत्या मांजरांना उद्देशून बोलायची तेच होतं, फक्त उलटं फिरवलेलं. आत्या मांजराला बोलते, सात माणसांना बोलतो. नवं काही लिहायचं नव्हतं, नुसतं जुळवायचं होतं. पुढचे दोन आठवडे त्या आणि कृष्णदेव चित्र थांबवत, टेप मागेपुढे करत बसले. गोवर्धनभाऊ ऑफिसातून घरी येतात, तिथं 'जसा काय मोटा साहेब आलाय' बरोब्बर बसलं. भाऊ जेवतात, तिथं 'पोट हाय का पोतं'. भाऊ उलटं वर्तमानपत्र वाचतात, तिथं बाईंना काही शोधावं लागलं नाही. 'काम कराया नको, आनि वर तोरा' त्याच जागेसाठी केल्यासारखं होतं.

नवी कॅसेट आधी गोवर्धनभाऊंना ऐकवावी लागली. ते पडद्यावरच्या स्वतःकडे सोळा मिनिटं न हलता बघत राहिले. मग म्हणाले, "हे सगळं मलाच उद्देशून आहे?"

"मांजराला उद्देशून होतं, भाऊ," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्याच्या जागी आलात."

मंडळाच्या इतिवृत्तात त्या दिवसाची नोंद भाऊंच्याच अक्षरात आहे: 'मांजराच्या भाषेबाबत चर्चा झाली. सदर भाषा तपासणीच्या कक्षेत येत नाही, असे ठरले.'

समारंभ नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी व्हाकोआत झाला. सभागृहात चारशे माणसं होती. पांढरं मांजर खुर्चीत दिसलं आणि गंगाआत्याच्या आवाजात बोललं. काळं भिंतीवरून आलं आणि त्याच आवाजात बोललं. पिवळं, करडं, पट्टेरी. बाईंचा वर्ग तिसऱ्या रांगेत होता आणि बाईंचे कान फक्त तिकडे होते. कोणीही मोजलं नाही. जेवणाच्या दृश्याला लोक इतके हसले की पुढच्या दोन ओळी ऐकूच आल्या नाहीत, आणि नंतर कृष्णदेवनं लोकांच्या आग्रहाखातर फिल्म पुन्हा दाखवली तेव्हा त्या ऐकू आल्या. भारतातून आलेल्या पाहुण्यांपैकी एक गृहस्थ रत्नागिरीकडचे होते. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, की हे मांजर कुठलं. शेजाऱ्यानं अभिमानानं सातही गावांची नावं सांगितली.

गंगाआत्या दुसऱ्या रांगेत बसली होती. आपलाच आवाज मशीनमधून येतोय हे तिला पहिली दोन मिनिटं पटलं नाही. नंतर पिवळं मांजर ताटात तोंड घालताना दिसलं, आणि पडद्यावरच्या आवाजाआधीच तिनं खुर्चीतून त्याला दम भरला.

कार्यक्रम संपल्यावर गोवर्धनभाऊ तिच्यापुढे येऊन हात जोडून उभे राहिले. "आपला आवाज अत्यंत सुस्पष्ट आणि प्रसंगानुरूप झाला आहे. मंडळ आपले ऋणी आहे."

आत्यानं विद्यावतीबाईंकडे पाहिलं. "ह्यो काय म्हनतो गो?"

बाईंनी तोंड उघडलं. आजूबाजूला माणसं होती, त्यांच्या वर्गातली मुलं होती, सचिव समोर होते. त्या म्हणाल्या, "ह्यो म्हनतो, तुजा आवाज छान आला."

कृष्णदेव प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होता, तो थांबला.

"छान काय गो?" आत्या म्हणाली. "छान न्हाय. बेस म्हन. बेस आला."

"बेस आला," विद्यावतीबाई म्हणाल्या.